थिनरच्या खोलीतली एअर मोटर पावसाळ्यात दम का टाकते?

भांडुपचा_गाळेवाला

मंडळी, नमस्कार. भांडुप पश्चिमेला एलबीएस मार्गाच्या आतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा पॅकेजिंगच्या छपाईची शाई बनवायचा कारखाना आहे. दोन गाळे घेतलेत, मधली भिंत तशीच ठेवली आहे. एका बाजूला मिलिंग आणि गोदाम, दुसऱ्या बाजूला आम्ही जिला थिनरची खोली म्हणतो ती. तिथे टोल्युइन आणि इथाइल अ‍ॅसिटेट ड्रममध्ये मिसळतात. मी मालक नाही, मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे मेंटेनन्स म्हणजे जे बंद पडेल ते माझं, शेठच्या केबिनमधल्या एसीसकट.

थिनरच्या खोलीत विजेची मोटर ठेवायची नाही हा शेठच्या वडिलांपासूनचा नियम. म्हणून दोनशे लिटरच्या ड्रमच्या काठाला क्लॅम्प होणारे दोन एअर मिक्सर आहेत, दाबातल्या हवेवर फिरणारे, प्रत्येकी एक एचपी, व्हेन टाइप (आत सरकत्या पात्यांचा रोटर). हवा मागच्या बोळातल्या १० एचपीच्या टू-स्टेज पिस्टन कॉम्प्रेसरची. टाकीपासून अर्धा इंची जीआय लाइन, खोलीच्या दाराशी एकच एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल सोडणारा लुब्रिकेटर एकत्र), तिथून दोन्ही मिक्सरना होज. हवेतलं पाणी काढणारा ड्रायर नाही.

आता दुखणं सांगतो. हिवाळ्यात गाडी ढकलत का होईना चालते. जुलै लागला की पहिली पाच-दहा मिनिटं मिक्सर झकास फिरतो, मग आवाज जड होतो, फेरे उतरतात आणि वापरलेली हवा सुटते तिथल्या सायलेन्सरवर पांढरंशुभ्र बर्फ धरतं. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा. पोरं सायलेन्सरला गरम पाण्याचं फडकं गुंडाळून बॅच काढतात. परवा एकाने वैतागून सायलेन्सरच काढून ठेवला. मोटर पळाली, पण तेलाचा फवारा ड्रमच्या तोंडावर. त्या बॅचची शाई फिल्मवर चढवली तर बारीक बारीक गोल डोळे पडले, सगळा माल परत.

नागदेवी स्ट्रीटवरून मोठ्या मापाचा सायलेन्सर आणून लावला, काडीचा फरक नाही. शेठ म्हणतात, दोन एचपीच्या एअर मोटरी घेऊन टाकू, कटकट संपेल. त्यांचं दुसरं म्हणणं असं की एअर मोटर आहे म्हणजे ठिणगीचा प्रश्नच मिटला, मग ड्रम तारेने जमिनीशी जोडणाऱ्या अर्थिंग क्लॅम्पवर खर्च कशाला. या दुसऱ्या मुद्द्यावर मला आतून पटत नाहीये, पण समोर बसून मांडायला पुरेसं माहीत पाहिजे. कोणी या कामात मुरलेलं असेल तर सांगा.

परळचा_जुना_फिटर

गाळेवाले, मोठी मोटर अजिबात घेऊ देऊ नका. आहे ती उपाशी आहे, तिला आणखी मोठं पोट लावून काय साधणार?

हिशोब बघा. एक एचपीच्या व्हेन मोटरला पूर्ण ताकदीवर, सहा बारच्या आसपास, साधारण ३० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३० घनफूट, हवा लागते. दोन मोटरी म्हणजे ६०. तुमच्या कॉम्प्रेसरच्या प्लेटवर ४५-५० लिहिलेलं असेल, पण तो आकडा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा. पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढा. बाहेर पडणारी खरी हवा, एफएडी म्हणतात ती, त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के. म्हणजे ३५ धरा. सुरुवातीची मिनिटं तुम्ही टाकीतल्या साठ्यावर काढता, साठा उतरला की दाब उतरतो. वर लाइन अर्धा इंची. साठ सीएफएम त्या नळीतून न्यायची म्हटली तर निम्मा जीव रस्त्यातच जातो.

होजच्या शेवटी, अगदी मोटरच्या तोंडाशी, टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक प्रेशर गेज बसवा आणि दोन्ही मिक्सर लोडवर असताना वाचा. एफआरएलवरचं गेज दिलासा देतं, खरं काय ते मोटरच्या तोंडाशी कळतं.

आता बर्फ. सायलेन्सरच्या बाहेर दिसतं ते बर्फ खोलीतल्या दमट हवेचं. दाबातली हवा मोटरमध्ये काम करून फुगते, फुगताना थंड होते, धातू शून्याखाली जातो आणि बाहेरची वाफ त्यावर गोठते. दिसायला भीषण, त्रास काही नाही. त्रास देतं ते आतलं बर्फ, जे तुमच्या लाइनमधल्या पाण्याचं असतं. सायलेन्सरची भोकं बुजली की मोटरच्या पाठीमागे दाब साचतो. सहा बारची मोटर मग चारचं काम करते. खात्री करायची तर पाण्याने भरलेल्या ड्रमवर, थिनरच्या खोलीच्या बाहेर, मिक्सर लावा. मंदावला की सायलेन्सर काढून बघा. लगेच वेग आला तर चोर सापडला.

पाणी किती हे लोकांना खरं वाटत नाही. जुलैत ३० डिग्री आणि ८५ टक्के दमटपणा धरला तर एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या वर पाणी असतं. तुमचा कॉम्प्रेसर मिनिटाला एक घनमीटर ओढतो. पूर्ण पाळी सलग चालला तर आठ तासांत बारा लिटर पाणी त्याने आत घेतलं. ड्रेन कॉक सकाळी एकदा उघडून अर्धी बादली निघाली की पोरं खूश होतात. उरलेलं गेलं कुठे? पिस्टन कॉम्प्रेसरची टाकी दिवसभर तापलेली असते. साठ डिग्रीच्या हवेत पाणी वाफ होऊन आरामात बसतं, टाकीत पडतच नाही. पुढे जीआय लाइन गार झाली की तिच्यात पडतं, आणि तिथून सरळ तुमच्या एफआरएलमध्ये, मग मोटरमध्ये.

म्हणून कॉम्प्रेसरच्या पुढे हवा गार करणारा आफ्टरकूलर, टाकीला पाणी आपोआप सोडणारा ऑटो ड्रेन, मग हवा फ्रिजसारखी थंड करून पाणी काढणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर. ड्रायर हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, दाबाखाली ३ डिग्रीवर आणतो. तीच हवा मोटरमधून सुटून साध्या दाबाला आली की तिचा दवबिंदू उणे २० च्या खाली असतो, मग आत गोठायला फारसं पाणी राहत नाही. लाइन एक इंची करा, कॉम्प्रेसरकडून पुढे हलका उतार द्या, शेवटी ड्रिप लेग (पाणी साचायला खाली सोडलेला पाइपचा तुकडा) ठेवा. मिक्सरचे फाटे लाइनच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवा. खालच्या अंगाने काढलेला फाटा म्हणजे पाण्याला आमंत्रण.

तेलाचं. एक एफआरएल दाराशी ठेवून दोन होजना तेल वाटून जात नाही. ज्या होजमध्ये हवा जास्त ओढली जाते तिकडे तेल पळतं. प्रत्येक मोटरला स्वतःचा लुब्रिकेटर, मोटरपासून हात-दीड हातावर. लहान मोटरला पातळ तेलाचा मिनिटाला एखादा थेंब पुरतो, नेमकं पुस्तिकेत बघा. आमच्या लोकांना थेंब दिसला नाही की स्क्रू ढिला करायची खोड असते. ते जास्तीचं तेल शेवटी तुमच्या बॅचमध्येच उतरतं. आणि सायलेन्सर मोटरवर ठेवायलाच हवा असं नाही. एक्झॉस्टला इनलेटपेक्षा मोठ्या मापाचा होज जोडा, खोलीच्या बाहेर काढा, सायलेन्सर तिथे लावा. तेल, आवाज, गारठा तिन्ही बाहेर.

अजून एक, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. पोरं वेग कमी करायला काय फिरवतात ते उभं राहून बघा. रेग्युलेटर खाली आणला तर वेगाबरोबर जोरही जातो, मग घट्ट शाईत इम्पेलर (घुसळणारं पातं) अडकतो. वेग कमी पण जोर हवा असेल तर दाब तसाच ठेवून नीडल व्हॉल्व्हने हवा आवळायची. एअर मोटर लोडखाली दबून थांबली तरी जळत नाही, हे तिचं खरं सुख. तिला मारतं ते रिकामं फिरणं. बॅच उपसताना पातळी इम्पेलरच्या खाली गेली आणि मिक्सर चालूच राहिला की फेरे दुप्पट होतात, शाफ्ट फडफडतो, व्हेन झिजतात. वर्षाला व्हेन किट बदलायला लागत असेल तर कारण इथे शोधा.

भांडुपचा_गाळेवाला

काका, गेज लावलं. एकटा मिक्सर चालू असताना ५ बार, दोन्ही चालू केले की ३ च्याही खाली. शेठना गेजचा फोटो दाखवला, दोन एचपीचं कोटेशन टेबलाच्या खणात गेलं. सायलेन्सर उघडला तर आत बर्फ आणि तेलाचा पांढरा चिखल, कोलगेटसारखा. पोरांचं तुम्ही म्हणता तसंच, रेग्युलेटर पिळतात. अर्थिंगचं मात्र अजून अडलंय. शेठ म्हणतात, पावसात सगळं ओलं असतं, स्टॅटिक (घासण्या-घुसळण्याने साचणारी वीज) येणार कुठून?

कलम_सदतीस

मी सेफ्टी ऑफिसर आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. शेठचं वाक्य माझ्या ओळखीचं आहे, जवळजवळ प्रत्येक रंगवाल्याकडे ऐकतो.

एअर मोटर विजेची ठिणगी काढत नाही, एवढंच तिच्या बाजूने आहे. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ३७ ने मात्र आग लागू शकेल अशी प्रत्येक संभाव्य जागा काढून टाका किंवा बंदिस्त करा असं सांगितलं होतं. मोटर त्यातली एकच जागा. यंत्राच्या घर्षणाने, तापलेल्या बेअरिंगने, स्टॅटिकने आग लागते म्हणून तर वीज नसलेल्या यंत्रांसाठी आयएसओ ८००७९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ३६ वा आणि ३७ वा भाग २०१६ साली आला. चांगल्या कंपनीच्या एअर मोटरवरसुद्धा वाफेच्या धोक्याच्या कुठल्या झोनला आणि किती तापमानाला चालेल याची खूण असते. तुमच्या मिक्सरची प्लेट वाचा, नुसता स्टॅंड आणि चक जोडून दिलेला माल असेल तर प्लेट कोरी निघेल.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याजोगी वाफ सुटायला लागते ते तापमान, ४ डिग्री, इथाइल अ‍ॅसिटेटचा उणे ४. भांडुपला पारा कधी तिथपर्यंत उतरलाय? म्हणजे ड्रमच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ बारा महिने असते. टोल्युइनला हवेत १.१ टक्क्याच्या आसपास प्रमाण पुरतं.

आणि पावसाचं. दमट हवेने प्लॅस्टिकच्या किंवा कपड्याच्या पृष्ठभागावरचा चार्ज लवकर उतरतो, हे खरं. पण टोल्युइनच्या आत साठणारा चार्ज बाहेरच्या पावसाला विचारत नाही. ते वीज वाहून नेत नाही जवळजवळ. पाइपमधून वाहताना, उंचावरून पडताना, इम्पेलरने घुसळताना त्यात चार्ज तयार होतो, आणि ड्रम लाकडी पॅलेटवर उभा असेल तर त्याला जायला वाट नसते. मग कोणीतरी लोखंडी पळी घेऊन सॅम्पल काढायला जातो, आणि तिथे ठिणगी उडते.

तर ड्रम, मिक्सर, ज्यातून ओतता तो कॅन, ज्यात ओतता तो ड्रम, सगळे एकमेकांना आणि अर्थला जोडलेले हवेत. क्लॅम्प दातेरी आणि तगड्या स्प्रिंगचा घ्या, ड्रमच्या रंगात घुसून पत्र्याला भिडला पाहिजे. रंगावर नुसता टेकलेला क्लॅम्प फोटोत छान दिसतो. मल्टिमीटरने मोजून १० ओहमच्या आत आलं का बघा, आणि हे मोजणं खोलीत वाफ नसताना करा. ओतायचा पाइप ड्रमच्या तळापर्यंत न्या. रेझिन पावडर प्लॅस्टिकच्या पिशवीतून थेट सॉल्व्हंटमध्ये झटकू नका, या एका सवयीने कितीतरी आगी लागल्यात. इम्पेलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बदला. गंजलेल्या ड्रमला अ‍ॅल्युमिनियम घासलं की निघणारी ठिणगी साधी नसते, गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची रासायनिक क्रिया होऊन ती खूप गरम निघते.

एक प्रश्न तुम्हालाच. कॉम्प्रेसर मागच्या बोळात आहे म्हणालात. थिनरच्या खोलीचा एक्झॉस्ट फॅन कुठे सोडलाय? त्याच बोळात असेल तर कॉम्प्रेसर ती वाफ ओढतोय. आणि तो फॅन फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही असा) आहे की घरगुती?

भांडुपचा_गाळेवाला

फॅन त्याच बोळात. घरगुतीच आहे. आता लिहिताना पोटात गोळा आला. तो आजच सप्लायवरून काढला, उद्यापासून खोलीची दोन्ही दारं उघडी ठेवून फक्त ओतायचं काम, मिक्सिंग बंद.

दारूखाना_वर्कशॉप

आम्ही रे रोडला बोटींच्या टाक्या साफ करायची कामं घेतो. वाफ भरलेल्या बंद टाकीत वीज न्यायची नाही म्हणून आमचा सगळा संसार हवेवर: ब्लोअर, डायफ्राम पंप, ग्राइंडर, चिपिंग हॅमर. वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलं, माझ्याकडून थोडं.

हवा संपली म्हणून मोटर थांबली तर कोणी व्हॉल्व्ह बंद करत नाही. लाइट परत आले, कॉम्प्रेसर उठला, दाब भरला, की मिक्सर आपोआप सुरू. तोपर्यंत पोरगा शाफ्ट हाताने फिरवून बघत असतो. मिक्सरजवळ असा व्हॉल्व्ह ठेवा जो हाताने दाबून धरला तरच उघडा राहतो, किंवा हवा गेली की स्वतः बंद होऊन हाताने उघडल्याशिवाय उघडत नाही. होजच्या प्रत्येक जोडाला सेफ्टी चेन. जोड सुटून फटकारलेला पाऊण इंची होज मी बघितलाय, समोरच्याचं नशीब म्हणून पायावर बसला.

कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून कोणी डोकं चालवून सिलिंडरवर मोटर चालवू नका. नायट्रोजनवर चालते, पण एक्झॉस्ट खोलीत सुटतो आणि बंद खोलीत माणूस न कळत आडवा होतो. ऑक्सिजनवर तर विचारसुद्धा नको. लुब्रिकेटरच्या तेलाला ऑक्सिजन मिळाला की मोटरच पेटते.

आणि थिनरच्या खोलीत हँडलॅम्प कुठला वापरता? बंद टाकीत पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टच्या वर हातदिवा नेऊ नका असं फॅक्टरी कायद्याने सांगितलं होतं, आणि पेटणारी वाफ असेल तर दिवा फ्लेमप्रूफच लागतो. कित्येक ठिकाणी मोटर हवेची आणि शेजारी साधा हॅलोजन असतो.

वीजबिल_वाचतो

थोडा विरोधी सूर लावतो. ३० सीएफएम हवा करायला कॉम्प्रेसर भिंतीतून सात-आठ एचपी वीज ओढतो. म्हणजे एक एचपीच्या कामाला सहा किलोवॉट. आठ तास म्हणजे ४८ युनिट, युनिटला दहा रुपये धरा, ४८० रुपये रोज. एक एचपीची फ्लेमप्रूफ मोटर तेच काम आठ युनिटच्या आत करते, ८० रुपये. दर मिक्सरमागे दिवसाचा फरक ४०० रुपये, तीनशे दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास. दिवसभर चालणारं मिक्सिंग असेल तर तुमच्या वाफेला योग्य अशा गॅस ग्रुपची प्रमाणित फ्लेमप्रूफ मोटर घ्या. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं विजेचं यंत्र) लावायचा तर तो सुरक्षित बाजूला, भिंतीपलीकडे, आणि मोटर व्हीएफडीवर चालवायला प्रमाणित आहे का ते विचारून. शेठच्या वडिलांचा नियम त्यांच्या काळात ठीक असेल.

परळचा_जुना_फिटर

बिलाचं गणित मान्य, त्यात खोड काढायला जागा नाही. पण फ्लेमप्रूफ मोटर फ्लेमप्रूफ राहते कुठवर ते मी बघितलंय. जळाली की कोणीतरी ती रिक्षात टाकून साध्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. तो उघडताना झाकणाच्या घासलेल्या कडेला छिन्नी लावतो, बसवताना एमरी मारतो. त्या दोन कडांमधली बारीक फट हाच तिचा फ्लेम पाथ, आतला भडका तिथून थंड होऊनच बाहेर यायचा. ती कड बिघडली की उरते फक्त एक वजनदार साधी मोटर. ग्लँडमधून (केबल आत जाते तो घट्ट जोड) केबल ढिली घातलेली असली तरी तेच. जिथे हे सांभाळणारा माणूस आहे तिथे जरूर घ्या. जिथे मिक्सर या ड्रमवरून त्या ड्रमवर दिवसभर उचलायचा आहे, केबल ओढली जाणार आहे, आणि मेंटेनन्सवाला शेठचा एसीही बघतो, तिथे मी हवेवरच राहीन. गाळेवाले, तुमचं एक मिक्सर रोज किती वेळ चालतं खरोखर?

भांडुपचा_गाळेवाला

पाठोपाठ लावले तर दोन्ही मिळून दिवसाला दोन-अडीच तास. बाकी वेळ ओतणं, गाळणं, भरणं.

शेठशी काल बसलो. ठरलं ते असं: एका वेळी एकच मिक्सर चालवायचा, म्हणजे आहे तो कॉम्प्रेसर पुरतो. एक इंची लाइन, आफ्टरकूलर, ड्रायर आणि दोन लुब्रिकेटर मंजूर. फ्लेमप्रूफ एक्झॉस्ट फॅन मंजूर, तो आता समोरच्या बाजूला छपरावरून सोडणार. दातेरी क्लॅम्प चार आले, दोन्ही मिक्सरचे इम्पेलर स्टेनलेसचे होतायत. 'वडिलांचा नियम' हा विषय मी काढला नाही, माझी नोकरी आहे.

ड्रायर बसवायला जागा मात्र थिनरच्या खोलीच्या दाराशीच मोकळी आहे, एफआरएलच्या जुन्या ब्रॅकेटजवळ. तिथे चालेल ना?

परळचा_जुना_फिटर

नाही. ड्रायरमध्ये विजेचा कॉम्प्रेसर आणि कॉन्टॅक्टर (तो चालू-बंद करणारा स्विच) असतो, तो दाराशी ठेवलात तर एवढं सगळं करून ठिणगी पुन्हा दारात आणून बसवली. मागच्या बोळात कॉम्प्रेसरजवळच ठेवा, पण फॅन आधी तिथून हलवा, मग ड्रायर. टाकीची गरम हवा थेट त्यात सोडू नका, बहुतेक ड्रायरना आत येणारी हवा ४५ डिग्रीच्या खाली लागते. आधी आफ्टरकूलर, मग टाकी, मग ड्रायर. बोळात पाऊस आत येतो का? येत असेल तर वर पत्रा टाका, आणि ड्रेनचं तेलकट पाणी महापालिकेच्या गटारात सोडू नका, ड्रममध्ये धरा.